आईला उजेड लागतो

आमची आई सत्तरी ओलांडलेली. तुळजापूर तालुक्यातल्या घरी तूर-हरभरा निवडायला आजही तीच बसते. पण सूप घेऊन ती माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणात आली आहे. "आत काही दिसंना बघ," म्हणते. परवा तिने काळ्या परकराला गडद निळ्या दोऱ्याने शिवलं. उन्हात नेल्यावर तिला ते कळलं.

चष्म्याचा नंबर बरोबर होता. मोतीबिंदूही अजून शस्त्रक्रियेजोगा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हे वयाचं आहे.

वय डोळ्यात नेमकं काय करतं? डोळ्यातलं भिंग जन्मभर थराथराने वाढत असतं. त्यामुळे ते कडक होतं, म्हणूनच चाळिशीत जवळचं वाचायला चष्मा लागतो. पुढे ते पिवळसर होऊन निळा रंग अडवू लागतं. बाहुलीही आक्रसते आणि अंधारात पूर्वीसारखी पसरत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पडतो, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा साठीत पोचतो. आईला हवा होता तो उजेड, नवा चष्मा नव्हे.

तुळजाभवानीच्या देवळात हे डोळ्यांदेखत दिसतं. बाहेर रणरणतं ऊन, दगडी पायऱ्या खाली उतरत जातात आणि आत अंधार. तरणी माणसं सरळ पुढे जातात. म्हातारी माणसं मात्र भिंतीला हात लावून थबकतात आणि मागून रेटा येतो. त्यांना क्षणभर उभं राहू द्यायला हवं, असं मला फार वाटतं.

आमच्या भागात डोळ्यांचा विषय निघाला की शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव येतंच. मोतीबिंदूच्या लाखावर शस्त्रक्रिया, २००८ साली पद्मश्री. मोतीबिंदू काढता येतो, हे त्यामुळे घरोघरी माहीत झालं. बाकीच्या बदलांबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

घरी आम्ही चुलीजवळ आणि न्हाणीत जास्त उजेडाचे बल्ब लावले, पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढला. आईला डोळ्यांपुढे माश्या फिरल्यासारखे ठिपकेही दिसतात. डोळ्याच्या आतला गर वयानुसार पातळ होतो, त्याचे ते धागे. त्यांची सवय होते. पण ठिपके एकाएकी वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आतला पडदा सुटत असू शकतो. त्यात डोळा दुखत नाही आणि दुखल्याशिवाय आई काही सांगत नाही. म्हणून ती अंगणात बसली की भावजय तिला रोज विचारते.