श्रेयांक एक, तास दोन

'तास' या शब्दाला मराठीत मोठी श्रीमंती आहे. घड्याळातला तास वेगळा, वर्गातला तास वेगळा. वर्गातला तास पाऊण तासाचा असू शकतो, आणि प्राध्यापक महाशय विषयात रंगून गेले तर सव्वा तासाचाही असू शकतो! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना आणखी एक तास ठाऊक असतो. नांगराच्या फाळाने जमिनीत जी रेघ उमटते, तिलाही तासच म्हणतात. आता विद्यापीठाने यात चौथी भर घातली आहे, ती श्रेयांकाच्या तासाची. त्याचे गणित असे, की व्याख्यानाला पंधरा तास बसलात तर एक श्रेयांक मिळतो. प्रयोगशाळेत मात्र तोच एक श्रेयांक पदरात पडायला तीस तास उभे राहावे लागते.

मी पडले मराठीची विद्यार्थिनी. या गणिताशी माझा संबंध यायचे वास्तविक काही कारण नव्हते. पण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्र शासनाने 2023 साली पदवीचा जो आराखडा ठरवला, त्यात खुला ऐच्छिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घेतला पाहिजे, असा दंडक आला. कल्पना तशी जुनीच. पदवीधराला आपल्या विषयापलीकडचेही 'सामान्य शिक्षण' मिळावे, असे 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगानेही सुचवले होते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी वाणिज्य शाखेचा विषय पसंत केला. मी पाण्याच्या परीक्षणाचा विषय घेतला. दोन श्रेयांकांचा, एक व्याख्यानाचा, एक प्रयोगाचा. आमच्या विभागातले एक सर हसून म्हणाले, "नवरस पुरले नाहीत म्हणून रसायन घेतलेस वाटते!"

आठवड्याला व्याख्यानाचा एक तास आणि दर गुरुवारी तीन ते पाच प्रयोग. वाणिज्यवाल्या मैत्रिणींचे तेच दोन श्रेयांक दोन तासांत आटोपत. त्यांच्या दृष्टीने मी तोट्याचा व्यवहार केला होता. प्रयोगाचा तास अर्ध्या किमतीचा का, याचे उत्तर असे देतात की, व्याख्यानानंतर विद्यार्थी घरी जाऊन वाचन करतो. प्रयोगाचे काम मात्र जागच्या जागी संपते. ज्याने एकदा तरी रात्री जर्नल पुरे केले आहे, त्याला यावर हसू येईल. असो.

शिक्षण तासांनी मोजण्याची ही रीत आली अमेरिकेतून, आणि तिची कुळकथा गमतीची आहे. 1905 साली अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी मोठा निधी दिला. मग 'महाविद्यालय' म्हणावे कोणाला, असा प्रश्न उभा राहिला. तेथे प्रवेश घेणाऱ्याचे शालेय शिक्षण किती तासांचे झालेले असावे, हे त्यातून मोजले जाऊ लागले. पुढे 1910 साली मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याने कारखाना तपासावा तशी विद्यापीठे तपासली आणि 'विद्यार्थी-तास' हे माप पुढे आणले. त्याच्या मापात व्याख्यानाचा आणि प्रयोगशाळेचा तास एकाच किमतीचा होता! म्हणजे आमच्या श्रेयांकाची वंशावळ थेट पेन्शनच्या कागदापर्यंत जाऊन पोचते.

पण प्रयोगशाळेत उभे राहिल्यावर कळते, की तेथे तासाचा हिशेब आपल्या हाती नसतोच. आमच्या घरी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही; आई चिमूटभर सोडा टाकते. अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात 'दुष्फेन' म्हणतात. हा शब्द कोणी घडवला कोण जाणे, पण साबणाला फेस न देणाऱ्या पाण्याचे सारे दुष्टपण त्यात उतरले आहे! ते पाणी बाटलीत भरून मी प्रयोगशाळेत नेले. पन्नास मिलिलिटर पाणी शंकूपात्रात घ्यायचे, त्यात नाकाला झोंबणारे अमोनियाचे द्रावण आणि दर्शकाचे दोन थेंब टाकायचे. पाण्याला कोकम सरबताचा रंग येतो. मग वरच्या ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब सोडत पात्र हलवत राहायचे. बराच वेळ काही होत नाही. मध्येच जांभळी झाक येते आणि जाते. आणि मग एका थेंबासरशी सारे पाणी निळीच्या पाण्यासारखे निळे होते.

तो थेंब लवकर पडावा म्हणून काही करता येत नाही. कवितेच्या अर्थावर मला वाद घालता येतो, परीक्षेत दोन ओळी वाढवून लिहिता येतात. येथे तसे नाही. एकदा 23.4 आले, तर पुन्हा सारे धुऊन, पुन्हा पन्नास मिलिलिटर घेऊन 23.4 यावे लागते, तेव्हा कोठे ते खरे. वीसने गुणले की उत्तर निघते : लिटरला 468 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत पाणी चांगले, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावे. आईच्या सोड्याला असा एक आकडा मिळाला.

म्हणून हे दुप्पट तास कमी करावेत, असे मी म्हणणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. माझी एक मैत्रीण दुपारी दोन ते आठ औषधांच्या दुकानात काम करते. तिने फॉर्मवर आधी हाच विषय लिहिला होता. वेळापत्रक लागले, गुरुवारी तीन ते पाच दिसले आणि तिने तो खोडला. नियमाने तिला निवडीचे स्वातंत्र्य दिले. घड्याळाने ते काढून घेतले. तिच्या गावच्या विहिरीचे पाणी आमच्याहून जड. एके गुरुवारी तिने बाटली माझ्याजवळ दिली. उत्तर आले 624. म्हणजे चालवून घेण्याच्या मर्यादेच्याही पलीकडे. मी आकडा सांगितला, तेव्हा तिने विचारले, "रंग बदलतो म्हणजे नेमके काय होते ग?" मी सांगू लागले, पण तो एक थेंब शब्दांत सांगता येईना, आणि मी तर मराठीची विद्यार्थिनी!

सकाळी साडेसात ते साडेनऊ एक तुकडी घेता येणार नाही का? गुरुजनांनी विचार करावा, एवढीच विनंती. त्या वेळी शहरातली, गावातली, दुपारी कामावर जाणारी अशी पुष्कळजण मोकळी असतात. एरवी शाखेबाहेरचे शिक्षण ज्यांची दुपार मोकळी आहे त्यांच्याच वाट्याला येईल, आणि बाकीचे सोयीच्या तासांनाच आपली आवड म्हणू लागतील. व्याख्यान चुकले तर मैत्रिणीची वही उतरवून घेता येते. प्रयोगाची वही उतरवली, तर हाती फक्त आकडा येतो. पाणी निळे होताना ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनीच पाहावे लागते.