कागदाला कड असते

मराठीच्या अध्यापकांनी एक्सेलच्या तक्त्यांविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आम्ही जितक्या कविता वाचल्या नसतील तितके तक्ते वाचले आहेत. खरे तर सोसले आहेत. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांच्या याद्या, हजेरीचे गोषवारे, कार्यभाराची कोष्टके, परीक्षेच्या बैठकव्यवस्था. हे सारे पडद्यावर तयार होते आणि अखेरीस कागदावरच येते. सूचनाफलकावर कागद लागतो, सही कागदावर होते, फायलीत कागद जातो. मग पडद्यावर स्वच्छ दिसणारा तक्ता कागदावर उतरताच वाचता का येत नाही? हा प्रश्न संगणक विभागाकडे ढकलून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला मात्र तो निम्म्याहून अधिक आपलाच, म्हणजे संपादनाचा आणि वाचकाचा, प्रश्न वाटतो.

एक्सेलच्या पानाला कड नाही. २००७ च्या आवृत्तीपासून त्याच्या एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. माणसाच्या हिशेबी हे अनंतच. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे 'व्हिजिकॅल्क' १९७९ मध्ये बाजारात आले तेव्हापासून या तक्त्यांचा स्वभाव असाच आहे: पडदा ही खिडकी, आणि तक्ता तिच्याखालून सरकत राहणारा. गंमत अशी की 'स्प्रेडशीट' हा शब्द त्याआधीचा, कागदाच्या काळातला. हिशेबनिसांच्या रुंद, पसरलेल्या कागदाचे ते नाव. कागदावरून निघालेली वस्तू कागद विसरली आणि आता परत कागदावर येताना अडखळते आहे. आपल्या 'कोष्टक' या शब्दात मात्र मर्यादा मुळातच आहे. कोष्ठ म्हणजे कोठी, भिंतींनी वेढलेली जागा. आणि शरीरातला कोठाही तोच. कोठीत किती मावते आणि कोठ्याला किती सोसते, याचा अंदाज घेऊनच घरात धान्य भरत आणि पानात वाढत.

कागद म्हणजे बहुधा ए-चार, २९७ मिलिमीटर लांब व २१० रुंद. त्यावर अठ्ठावीस रकान्यांची यादी छापायला सांगितली, तर यंत्र आज्ञाधारकपणे ती उभी चिरते. समजा १२० विद्यार्थ्यांची यादी आहे आणि एका पानावर चाळीस ओळी बसतात. यंत्राची मूळची रीत आधी खाली आणि मग उजवीकडे जाण्याची असल्यामुळे पहिल्या तीन पानांवर सर्वांची नावे व डावीकडचे रकाने येतात, चौथ्यापासून उजवीकडचे. म्हणजे पहिल्या पानाचा उरलेला अर्धा देह चौथ्या पानावर असतो, आणि त्या चौथ्या पानावर एकाही माणसाचे नाव नसते. नुसते आकडे.

अशी एक यादी एका महाविद्यालयाच्या फलकावर लागलेली आम्ही पाहिली आहे. सहा पाने एकाखाली एक टाचलेली. मुले पहिल्या पानावर आपले नाव शोधत, वरून कितवी ओळ ते मोजत आणि मग चौथ्या पानावर बोट ठेवून तितक्याच ओळी मोजत. तिथे ओळींना क्रमांक नव्हता, आणि पाचव्या-सहाव्या पानांवर तर रकान्यांना मथळाही नव्हता, कारण मथळ्याच्या ओळी पहिल्या आणि चौथ्या पानांवरच राहून गेल्या होत्या. हरकत घेण्याची मुदत तीन दिवसांची. एसटीच्या वेळा सांभाळून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे बोट एका ओळीने घसरले. शेजारच्या ओळीतले चौदा गुण तिने आपले मानले आणि समाधानाने गावी गेली. तिच्या स्वतःच्या ओळीत, प्रकल्प वेळेवर देऊनही, 'गैरहजर' असे होते. हे कळेपर्यंत मुदत संपलेली. पुढे अर्ज झाले, विनंत्या झाल्या, 'यादी तर लावली होती' हे उत्तरही झाले. सत्र गेले ते गेलेच. त्या उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता, ही त्यातली सर्वांत जाचक गोष्ट. यादी लावली होतीच. प्रश्न ती वाचता येत होती का, हा होता आणि तो विचारायला कार्यालयात खिडकी नव्हती.

वस्तुतः यावर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. 'पेज लेआउट' या विभागात 'प्रिंट टायटल्स' नावाची सोय असते. कोणत्या ओळी प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा छापायच्या आणि कोणते रकाने प्रत्येक पानाच्या डावीकडे पुन्हा छापायचे, हे तिथे एकदा सांगून ठेवले की काम झाले. मथळ्याच्या ओळी वर आणि अनुक्रमांक व नाव डावीकडे, एवढे केले असते तर त्या चौथ्या पानावर नावे आली असती. एक सूक्ष्म गोम अशी की ही सोय छपाईच्या खिडकीतून शिरल्यास निष्क्रिय, करडी दिसते; ती 'पेज लेआउट'मधूनच उघडावी लागते. 'हे आमच्या संगणकावर चालत नाही' या तक्रारीचे कारण बहुधा एवढेच असते.

आमच्या विद्यार्थ्यांना ही सोय समजावताना आम्ही पोथीचा दाखला देतो आणि तो त्यांना चटकन पटतो. पोथी बांधलेली नसते. तिची पत्रे सुटी. वाऱ्याने उडाली, वाचताना विस्कटली, तरी कोणते पत्र कोणत्या ग्रंथातले आणि कितवे, हे त्या पत्रालाच सांगता आले पाहिजे. म्हणून अनेक पोथ्यांत प्रत्येक पत्राच्या समासात ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप आणि पत्रांक लिहिलेला आढळतो. तो लिहिणाऱ्या लेखकूला आपल्या माघारी काय होणार हे ठाऊक होते. फलकावरची यादी पोथीइतकीच सुटी असते. टाचणी निघते, तिसरे पान कुणी काढून नेते, कुणी मोबाइलवर एकाच पानाचे छायाचित्र घेऊन गटावर टाकते. तेव्हा वर्ग, विषय, सत्र आणि 'पान ३, एकूण ६' हे प्रत्येक पानावर असलेच पाहिजे. हे पानाच्या शिरोभागात वा तळटिपेच्या जागी एकदा घातले की पुढचे यंत्र पाहते. मात्र तिथे तारखेसाठी जी आयती सोय आहे तिच्यापासून सावध राहावे. ती यादी केल्याची तारीख देत नाही, छापल्याची देते. तीच यादी पुढल्या महिन्यात पुन्हा छापली की तिची तारीख बदलते, आणि मुदतीचा वाद उभा राहिला तर कागदच खोटे बोलतो. तारीख हातानेच लिहावी.

दुसरा मोह अधिक लोकप्रिय आहे: सगळे एका पानात कोंबण्याचा. 'फिट शीट ऑन वन पेज' ही आज्ञा दिली की १२० ओळी एका पानात आज्ञाधारकपणे बसतात, मुंग्यांच्या रांगेसारख्या. योग्य आज्ञा वेगळी आहे. रुंदी एक पान ठेवावी आणि उंची मोकळी सोडावी, म्हणजे तक्ता उभा चिरला जात नाही आणि लांबीला लागतील तितकी पाने घेतो. त्याआधी कागद आडवा करावा. तेवढ्यानेही भागत नसेल तर ए-तीन घ्यावा, किंवा अठ्ठावीस रकान्यांपैकी वाचकाला खरोखर किती हवेत असा जुनाच संपादकीय प्रश्न विचारावा. आमच्या अनुभवात उत्तर नऊ-दहाच्या पुढे क्वचित जाते. उरलेले रकाने तक्ता करणाऱ्याच्या सोयीचे असतात. ते त्याच्याकडे राहू द्यावेत.

या कागदाच्या मापामागे एक साहित्यिक उभा आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. ए-मालिकेतल्या कागदाच्या बाजूंचे प्रमाण एकास दोनचे वर्गमूळ असे असते. त्यामुळे कागद मधोमध दुमडला तरी त्याचा आकार, म्हणजे प्रमाण, बदलत नाही. जर्मनीत हे १९२२ मध्ये प्रमाण मानले गेले, पण या प्रमाणाचा गुण गिओर्ग ख्रिस्तोफ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मधल्या एका पत्रात वर्णिला होता. हे लिश्टेनबर्ग म्हणजे गॉटिंगेनचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि जर्मन साहित्यातले मोठे सूत्रलेखक. वह्यांमध्ये टाचणे लिहीत आयुष्य काढलेले. झेरॉक्सच्या यंत्रावर ७१ टक्के हा जो चमत्कारिक आकडा दिसतो तो याच वर्गमुळातून येतो: ए-तीनचे ए-चार करताना लांबी-रुंदी तेवढी उरते. मग दहा पॉइंटांचे अक्षर सातांचे होते. इंग्रजी अक्षर तेवढ्यात कसेबसे तग धरते. जोडाक्षरे आणि वरखाली मात्रा असलेले देवनागरी धरत नाही.

रेघांविषयी थोडक्यात. पडद्यावर दिसणाऱ्या करड्या रेघा मुळात छापल्या जात नाहीत, हे पहिल्यांदा कळते तेव्हा लोक घाबरून प्रत्येक घराभोवती जाड काळी चौकट मारतात आणि यादीचा तुरुंग होतो. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात संख्याचित्रांतली निरुपयोगी शाई कमी करावी असे आग्रहाने मांडले आहे. ते आम्हांला पटते. ओळीखाली बारीक आडवी रेघ पुरे, आणि दर पाचव्या ओळीखाली किंचित ठळक. डोळा आडवा धावतो, त्याला रूळ हवा असतो. रंगांचे म्हणाल तर पिवळे, गुलाबी, हिरवे पट्टे पडद्यावर खुलतात, पण काळ्या-पांढऱ्या छपाईत सारे राखाडी होतात आणि त्या प्रतीची झेरॉक्स काढली की काळे. 'लाल रंगातील विद्यार्थ्यांनी भेटावे' ही सूचना आम्ही काळ्या यादीखाली छापलेली पाहिली आहे.

कागदावर एक गोष्ट कायमची हरवते: घरावर टिचकी मारून आत काय आहे ते पाहण्याची सोय. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येक घराने आपले म्हणणे उघड मांडलेले असले पाहिजे. रकाना अरुंद असला की आकड्याच्या जागी फुल्यांसारखी चिन्हांची रांग येते. '८/१०' असे गुण लिहिले की यंत्र त्याची तारीख करते. संगणक भारतीय पद्धतीचा असेल तर ८ ऑक्टोबर, अमेरिकी असेल तर १० ऑगस्ट. सोळा अंकी नोंदणी क्रमांक संख्या म्हणून भरला तर पंधरा अंकांपुढे यंत्राची स्मृती संपते आणि शेवटच्या अंकाचे शून्य होते. शिवाय छापताना तो घातांकाच्या रूपात येतो तो वेगळाच. यावर उपाय म्हणजे भरण्यापूर्वीच तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून घोषित करणे. ही तारखेची खोड इतकी चिवट आहे की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये 'मार्च' आणि 'सेप्ट' अशी सुरुवात असलेली काही जनुकनावे बदललेली जाहीर केली. तेव्हा यंत्र बदलले नाही, नावे बदलली. शासकीय भाषेचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटू नये.

याहून घातक गोष्ट आहे ती गाळणीची. तक्त्यावर 'फिल्टर' लावून काही ओळी झाकल्या आणि तसेच छापले, तर झाकलेल्या ओळी कागदावर येत नाहीत, आणि त्या आल्या नाहीत याची खूणही येत नाही. गाळलेला मजकूर टिंबांनी दाखवण्याची आपली रीत इथे नाही. अशा वेळी भरलेला अनुक्रमांक हाच एकमेव साक्षीदार: चौदानंतर सतरा आले तर वाचकाला संशय घेता येतो. आम्ही यादीच्या अखेरीस 'एकूण विद्यार्थी १२०, यादी समाप्त' अशी ओळ घालतो. पोथीच्या शेवटी पुष्पिका असे. ग्रंथ पूर्ण झाला, कुणी लिहिला, केव्हा लिहिला हे ती सांगे. आमच्या ओळीतही यादी कुणी केली ते असते. एका सहकाऱ्यांना हे अवाजवी वाटले होते, परंतु शंका कुणाला विचारायची हे फलकापुढे उभ्या असलेल्या मुलाला कळते, एवढे त्यांनीही मान्य केले.

राहता राहिली लिपी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत भरलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून यादी युनिकोडमध्ये असावी. आणि कार्यालयाकडे मूळ तक्ता न देता त्याचे पीडीएफ द्यावे. छपाईयंत्र बदलले की तक्त्याची पाने वेगळ्या जागी तुटू शकतात, पीडीएफ मात्र जिथल्या तिथे राहते. ओळीची उंची कुणी पक्की करून ठेवली असेल तर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. दोन घरे एकत्र जोडलेली असतील तर यंत्र उंची आपोआप वाढवतही नाही. पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि कागदावर मजकुराची शेवटची ओळ अर्धी येते, असेही होते. त्यामुळे चाळीस प्रती काढण्यापूर्वी आम्ही एकच पान छापतो आणि त्यावर 'दुर्गा', 'पूर्णिमा', 'कौस्तुभ' अशी नावे कुठे आहेत ते आधी शोधतो. दुर्गाचा रफार आणि उकार दोन्ही शाबूत असले, म्हणजे बाकीची नावे सहसा नीट आलेली असतात.