दोन वाँग आणि एक शिळा

पुण्याजवळच्या निघोज्यात आमच्या वर्कशॉपवर सगळी मुलं बाहेरगावची. कुणी बीडचा, कुणी यवतमाळचा, कुणी बिहारचा. गाव विचारलं की पटकन सांगतात. वाँगला मात्र सांगता येत नव्हतं. त्याचा जन्म माझगावचा, मराठी आपल्यासारखीच. पणजोबा चीनमधून बोटीवर आले, एवढंच त्याला ठाऊक.

त्याची खरी अडचण आडनावाची होती. कँटनकडच्या बोलीत 'वाँग' ही दोन आडनावं आहेत. एकाचा अर्थ पिवळा, दुसऱ्याचा राजा. उच्चार एकच, पण अक्षरं वेगळी आणि कुळंही वेगळी. पेकिंगकडच्या चिनीत पहिलं 'ह्वांग' होतं, दुसरं 'वांग'. आधार कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगवरून यातलं काहीच कळत नाही. "काका, मुंबईत शोधायला तुम्ही चला ना बरोबर," तो म्हणाला आणि एका रविवारी आम्ही चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेस पकडली.

घाट उतरताना मी त्याला महाबळेश्वरची गोष्ट सांगितली. तिथे १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्या माणसांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. त्यांच्या बागांमुळे एका धबधब्याला 'चायनामन' नाव पडलं. धबधब्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्या माणसांपैकी एकाचंही नाव कुणी सांगत नाही. वाँग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

मुंबईहून चीनला जहाजं जाण्याची वाट जुनी. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी कँटनला कापूस आणि अफू पाठवून संपत्ती उभी केली. पुढे त्याच वाटेने दक्षिण चीनमधली माणसं इकडे आली आणि गोदीच्या आसपास स्थिरावली. हार्बर लाईनच्या डॉकयार्ड रोडला उतरून नवाब टँक रोडवर गेलं की त्यांची खूण अजून दिसते. ती म्हणजे १९१९ साली बांधलेलं 'सी यप कून'. सी यप म्हणजे चार तालुके: शिन्हुई, थायशान, खायफिंग आणि अनफिंग. कून म्हणजे त्या तालुकेकरांचं घर. मला लगेच गिरगाव-परळमधल्या कोकणी गावांच्या खोल्या आठवल्या. नवा माणूस उतरला की आधी गावकीच्या खोलीवर. अगदी तीच रीत! वरच्या मजल्यावर लाल रंगात न्हालेलं देऊळ आहे. देव क्वान कुंग, म्हणजे इ. स. २२० मध्ये मारला गेलेला एक सेनापती. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून परमुलखात गेलेल्या चिन्यांनी त्याला सोबत नेलं. वाँगने उदबत्ती लावली. त्याला लहानपणी आजीने इथे आणलं होतं.

त्याच आजीने १९६२ च्या अखेरीस घरातली सगळी चिनी पत्रं चुलीत घातली होती. २० ऑक्टोबरला चीनशी युद्ध पेटलं. त्यानंतर आसाम-बंगालकडच्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. काहींना सुटायला १९६७ उजाडलं. त्यात भारतातच जन्मलेली पोरंही होती. हा आपल्या देशाच्या हातून झालेला अन्याय होता आणि आपण त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. पुढे कितीतरी कुटुंबं कॅनडाला निघून गेली. जी राहिली त्यांच्या घरातून लिपी गेली. वाँगच्या वडिलांना स्वतःचं नाव चिनीत लिहिता येत नव्हतं.

म्हणून उरली दफनभूमी. अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत गवत गुडघ्याएवढं होतं. आजीने सांगितलेल्या खुणेवरून दोन तास शोधल्यावर पणजोबांची शिळा सापडली. आम्ही हाताने शेवाळ पुसलं. 'राजा' हे अक्षर सोपं असतं, तीन आडव्या रेघा आणि मधोमध एक उभी. हे तसं नव्हतं. गुंतागुंतीचं, मध्ये शेतासारखा चौकोन. बाजूच्या ओळीत आणखी बारीक अक्षरं होती. वाँगने फोटो काढले.

वाचन झालं ते निघोज्यात परतल्यावर. शेजारच्या कुरुळीत चिनी सॅनी कंपनीचा कारखाना आहे. आमच्याकडे मशिन बसवायला तिथला एक चिनी तंत्रज्ञ आला होता. चहाच्या टपरीवर त्याने फोटो मोठा करून पाहिला. आडनाव पिवळा, म्हणजे ह्वांग. तालुका शिन्निंग. कँटनकडच्या नकाशावर असा तालुका आता नाही, म्हणून तो अडखळला. मग फोनमध्ये शोधलं तर कळलं, १९१४ मध्ये शिन्निंगचं नाव बदलून थायशान केलं गेलं. पणजोबा जुनंच नाव घेऊन आले होते. खाली खेड्याचंही नाव होतं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात, तशी चिनी कुळांचीही वंशावळ असते. एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची चाल तिथे आहे. ते अक्षर शिळेवर आहेच, त्यामुळे वंशावळीत पणजोबांची पिढी हुडकता येईल. वाँगने त्या खेड्याला पत्र लिहायला घेतलं आहे.

तुमच्या ओळखीत मुंबई-पुण्यातलं असं एखादं कुटुंब असेल तर त्यांना एवढं सांगा: घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आपलं नाव चिनी अक्षरांत आजच लिहून घ्या आणि पावसाळ्याआधी अँटॉप हिलला जाऊन शिळांचे फोटो काढून ठेवा.