गिअरच्या मुठीवरचा पुसलेला नकाशा

(१/७) गोवंडीत भंगाराने भरलेला पिकअप मी प्रथमच चढावर नेत होतो. शिकाऊ परवाना खिशात, मामा शेजारी. मुठीवरची आकृती मामांच्या तळहाताने केव्हाच पुसली होती. पहिला समजून मी तिसरा गिअर टाकला. इंजिन गुदमरून बंद पडले. घाबरून क्लच दाबला आणि गाडी मागे सरकू लागली. मागे हातगाडीवाला होता.

(२/७) मामांनी हँडब्रेक ओढला. म्हणाले, "आधी न्यूट्रलला ये, मग घर शोध." त्या रात्री मी ही 'घरे' कुठून आली, याचा शोध घेऊ लागलो.

(३/७) गिअरपेटीत समांतर सळया असतात. न्यूट्रलमध्ये दांडा आडवा हलवला की सळई निवडली जाते. पुढे वा मागे ढकलला की तिच्यावरचा फोर्क दोहोंपैकी एक गिअर गुंतवतो. म्हणजे मुठीवरची आकृती हा आतल्या यंत्राचाच नकाशा.

(४/७) अनेक जड गाड्यांत मात्र पहिला गिअर रिव्हर्सच्या समोर, एका कडेला असतो. तो फार जोरकस आणि मंद. भरल्या गाडीला चढावर हलवण्यापुरता. त्यामुळे सतत लागणारे दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा एका सरळ रेषेत येतात.

(५/७) या इतिहासाचा एक धागा आमच्या शेजारीच आहे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. क्रायस्लरच्या सहकार्याने तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले.

(६/७) जुन्या गिअरपेट्यांत दात आपोआप जुळत नसत. खालचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून मग गिअर टाकायचा. हाच 'डबल क्लच'. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणून मोटारचालकांचे हे कष्ट हलके केले. ट्रकचालकांच्या वाट्याला ते पुढे बराच काळ राहिले. मामा आजही सवयीने डबल क्लच करतात. त्यांच्या उस्तादांनी आवाजावरून शिकवले होते. पुस्तक कुणाकडेच नव्हते.

(७/७) आता मुठीवर मी पांढऱ्या रंगाने आकृती पुन्हा काढली आहे. मामा हसतात, पण पुसत नाहीत. त्या दिवशी हातगाडीवाल्याने पळून न जाता आमच्या चाकामागे दगड लावला आणि गाडी निघाल्यावर तो आपल्या वाटेने गेला. कुर्ल्याच्या ट्रकांची नावे मी शोधून काढली. त्याचे नाव मात्र विचारायचे राहून गेले.