राहून गेलेला निकाल

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची बातमी आली आणि कल्याण-ठाण्याच्या आम्हा शिक्षकांची झोप उडाली. 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. तो संताप रास्तच होता.

23 सप्टेंबरला आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ, पोलिसांच्या गाडीत, त्याला गोळी लागली आणि तो मरण पावला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून आम्ही स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. पुढे जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले.

"बरं झालं, इन्साफ झाला," असे तेव्हा शिक्षकांच्या खोलीतही कुणीकुणी म्हणाले. आम्ही विचारले, "सर, इन्साफ केला कुणी?"

आरोपीच मेला, मग त्याच्यावरचा खटला चालणार कसा? साक्षी झाल्या नाहीत, पुरावे तपासले गेले नाहीत. त्या लेकरांच्या आईवडिलांना 'हा गुन्हेगार आहे' हे न्यायाधीशांच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही. आरोपीचा हक्क गेला, तसा त्यांचाही गेला.

26/11 च्या हल्ल्यातील कसाबलासुद्धा न्यायालयाने वकील दिला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी सुनावणी झाली आणि 2012 मध्ये फाशी झाली. त्या शिक्षेमागे भरकोर्टात तपासलेला पुरावा आहे.

संविधानाचे कलम 21 कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. त्यात 'भल्या माणसाला' असे लिहिलेले नाही. आपल्या घरातल्या मुलामुलींना कलम 20 आणि 22 सुद्धा समजावून सांगा. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

हे हक्क नकोशा माणसाला नाकारले, तर उद्या खोट्या आरोपात सापडलेल्या आपल्या पोराने काय दाखवायचे?