एका जागी राहण्याची शपथ

बेनेडिक्टाइन साधू दीक्षा घेताना वचन देतो, की याच मठात, याच माणसांत मरेपर्यंत राहीन. संत बेनेडिक्टांच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत. त्यातलं ६६वं सांगतं, की पाणी, गिरणी, बाग सगळं आवारातच असावं, म्हणजे साधूंना बाहेर भटकावं लागणार नाही. असं वचन दिलेल्या माणसाला पोपचा दूत म्हणून परमुलखात धाडलं, तर त्यानं मठातलं काय सोबत न्यावं?

हा प्रश्न अ‍ॅम्ब्रोज आगियुस या बेनेडिक्टाइन साधूमुळे मनात घोळतो. घराणं माल्टाचं, जन्म अलेक्झांड्रियाचा. १९०४ मध्ये त्यांना आर्चबिशप करून पोपचा दूत म्हणून फिलिपिन्सला पाठवलं. स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली होती. स्पॅनिश साधूंच्या जमिनींवरून लोक संतापलेले. १९०२ मध्ये वेगळं राष्ट्रीय चर्च निघालं आणि गावोगावच्या चर्चचा ताबा कोणाचा, यावर कज्जे सुरू झाले. भाऊबंदकी पेटलेल्या घरात हा परका माणूस शिरला. १९०७ मध्ये त्यांनी तिथल्या बिशपांची परिषद मनिलात भरवली.

मठातलं काय न्यावं, याचं उत्तर मला नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात सापडतं. महत्त्वाचं काम निघालं की मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच बरं ते सुचवतो. आम्हा गडचिरोलीकरांना हे ओळखीचं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात ठराव बहुमतानं होत नाही, सर्वांचं पटेपर्यंत बोलणं चालतं. तिथल्या एका बैठकीत मी मागे बसून ऐकत होतो, तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी गप्पच होती. तिला विचारल्याशिवाय विषय पुढे सरकला नाही. ती दोनच वाक्यं बोलली, आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कोणी कुरकुरलं नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तो अशा बैठकींच्या बळावर.

मठात मात्र सगळ्यांचं ऐकून झाल्यावर शेवटचा शब्द मठाधिपतीचा. इथे मला मेंढा चार पावलं पुढचं वाटतं. दूताकडे तर तोही अधिकार नाही; परिषदेच्या ठरावांना मंजुरी रोमचीच लागते. ऐकायचं, आणि ऐकलेलं न बदलता रोमला पोचवायचं, एवढंच त्याच्या हाती. आगियुस हे काम करत राहिले, आणि १९११ च्या डिसेंबरात मनिलातच वारले.