गोठ्यात आलेले शिरस्त्राण

जुन्या जर्मन लष्करी शिरस्त्राणांचा मला नाद आहे. "साहेब, बी-बियाणं सोडून हे काय?" असे शेतकरी बंधू विचारतात. पण बियाण्यासारखीच याचीही पारख लागते.

१८४२ साली प्रशियाच्या सैन्यात आलेले टोकदार शिरस्त्राण कडक केलेल्या चामड्याचे होते. पहिल्या महायुद्धात चामड्याचा तुटवडा पडला, तेव्हा पत्र्याची व नमद्याचीही निघाली. तोफगोळ्यांच्या तुकड्यांपुढे ती टिकेनात, म्हणून १९१६ मध्ये पोलादी टोप आला. वजन किलोहून थोडे अधिक. तो उलटा धरून आतला ठसा, अस्तर व गंज पाहायचा.

संग्राहक अभंग नगाला मोठी किंमत देतात. मला मोलाचा वाटतो तो लांब दांडा बसवलेला टोप. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा जर्मनीत भांड्याकुंड्यांची चणचण होती. बायकांनी भोके पाडलेले टोप चाळण म्हणून वापरले. शेतकऱ्यांनी दांडे लावून गोठ्यातले मूत्र-शेणपाणी उपसायचे पळे केले.

असा टोप हाती आला, तर दांडा काढून तो पुन्हा लष्करी करू नये. त्या शेतकऱ्याने तो पिकाच्या कामी लावला, तीच त्याची खरी किंमत.